गाडीचा आणि घराचा विमा: भाव विचारा, पण एकाच मालाचा



१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे दोन महिने. कमाई बंद आणि खर्च चालू. जाळी दुरुस्त करायची, होडीला रंग द्यायचा, मुलांच्या वह्यापुस्तकांचं बघायचं. त्यातच गाडीच्या विम्याची तारीख आली की सभासद कागद घेऊन कार्यालयात येतात आणि एकच विचारतात, "यापेक्षा स्वस्तात कुठे होईल काय?"

होतं. बऱ्याचदा होतं. पण त्याआधी गेल्या पावसात घडलेली एक गोष्ट सांगतो. आपल्या एका सभासदाच्या दोन वर्षं जुन्या स्कूटरवर परसातला माड पडला. स्कूटरचा चुराडा. त्यांना वाटत होतं, पाच वर्षांचा विमा आहे, चिंता नाही. कार्यालयात बसून कागद वाचला तेव्हा कळलं की पाच वर्षांचा होता तो फक्त थर्ड पार्टी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा होता, आणि तो संपून वर्ष झालं होतं. हातात एक रुपयाही आला नाही. या माणसाने विमा टाळला नव्हता, पैसे भरले होते. आपण नक्की काय विकत घेतलंय, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाजारात बांगडा घेताना आपण नुसता भाव विचारत नाही. नग केवढा, ताजा की बर्फातला, टोपलीत किती, ते बघतो आणि मग बोलतो. विमा घेतानाही तसंच करायचं आहे. कसं, ते खाली सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण सेव्ह करून ठेवा.

१. थर्ड पार्टी: इथे भाव होत नाही

आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचा जीव गेला, कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ती भरपाई थर्ड पार्टी विमा देतो. मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये.

पण दंडाची भीती लहान आहे. खरी भीती अपघात लवादाची. विमा नसताना कुणाचा जीव गेला, तर लवाद ठरवेल ती सगळी रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. होडी, घर, सगळं त्यात जाऊ शकतं.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: ७५ ते १५० सीसी दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४, १००० ते १५०० सीसी कारला ३,४१६, आणि एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या माल वाहणाऱ्या चारचाकीला १६,०४९ रुपये. त्यावर जीएसटी वेगळा. हा भाग सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. त्यामुळे "थर्ड पार्टीत सूट देतो" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. पावती आणि पॉलिसी कंपनीच्या नावाने आहे का बघा, आणि एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा दिसतो का तपासा.

नवीन गाडीबद्दल एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग साधारणपणे एकाच वर्षाचा दिलेला असतो. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात. दोन्ही तारखा आजच बघा. स्वतःच्या नुकसानीचा भाग संपला असेल तर तो एकटा घेता येतो, आणि तो थर्ड पार्टीवाल्याच कंपनीकडून घ्यायला पाहिजे असंही नाही.

२. स्वतःच्या गाडीचं नुकसान: इथे भाव करा

चोरी, अपघात, आग, पूर, वादळ, अंगावर पडलेलं झाड, हे सगळं या भागात येतं. इथला दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. म्हणून चौकशी करायची ती इथेच. पण फसगतही इथेच होते. चार गोष्टी सारख्या ठेवा आणि मगच हप्त्याची तुलना करा.

पहिली, आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर जास्तीत जास्त किती पैसे मिळतील, तो आकडा. गाडी जुनी होते तसा तो उतरतो: सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५० टक्के घट. समजा ८०,००० रुपयांची स्कूटर चौथ्या वर्षात आहे. तिची आयडीव्ही ४८,००० च्या आसपास पाहिजे. एखादं कोटेशन दोनशे रुपयांनी स्वस्त दिसतं, पण त्यात आयडीव्ही ३५,००० लिहिलेली असते. उद्या स्कूटर चोरीला गेली तर दोनशे वाचवले आणि तेरा हजार गमावले.

दुसरी, सुट्या भागांची घट. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. आजच्या स्कूटरला बाहेरून बहुतेक प्लॅस्टिकच असतं. प्लॅस्टिकच्या भागांचं बिल ६,००० झालं तर ३,००० तुमचे. झीरो डेप नावाची जोड घेतली तर ही कपात होत नाही. नव्या गाडीला ती परवडते. गाडी जुनी झाली की जोडीचा दर आणि उपयोग दोन्ही बघून ठरवा.

तिसरी, इंजिनची जोड. भरतीचं किंवा पावसाचं पाणी इंजिनात गेलं आणि आपण तशीच गाडी सुरू केली, तर इंजिन बसतं. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारलं जातं. खाडीकाठी, जेटीवर, सखल वाड्यात गाडी लावणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट जोड विचारून घ्या. आणि जोड असो वा नसो, बुडालेली गाडी सुरू करू नका. ढकलत किंवा टो करून गॅरेजला न्या. खाऱ्या हवेने धरलेला गंज मात्र कुठल्याच विम्यात येत नाही. त्याला गोडं पाणी आणि ग्रीसच.

चौथी, स्वतः सोसायची रक्कम. प्रत्येक क्लेममध्ये थोडे पैसे आपले असतात. दुचाकीला सक्तीचे १०० रुपये, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० आणि त्यावर २,०००. याशिवाय "इतकं नुकसान मी स्वतः सोसेन" असं आपण कबूल केलं की हप्ता कमी होतो. हात मोकळा असेल तर हा मार्ग चांगला. पण बंदीच्या दिवसांत पाच हजार रुपये उभे करणं कठीण जाणार असेल, तर सूट बघून मोठी रक्कम कबूल करू नका.

३. नो क्लेम बोनस: आपली हक्काची बचत

क्लेम न करता वर्ष गेलं की पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० टक्के. ही सूट थर्ड पार्टीवर मिळत नाही.

तीन गोष्टी आपल्या लोकांना माहीत नसतात. एक, ही सूट गाडीची नसून मालकाची असते. कंपनी बदलली तरी ती सोबत येते. गाडी विकून त्याच प्रकारची दुसरी घेतली तरी येते. फक्त जुन्या कंपनीकडून दाखला घ्या. दोन, मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साचलेली सगळी सूट जाते. तीन, लहान नुकसानीसाठी क्लेम करण्याआधी हिशेब करा. समजा पिकअपच्या या भागाचा हप्ता ८,००० आहे आणि ५० टक्के सूट धरून तुम्ही ४,००० भरता. दरवाजाला पोचा आला, खर्च ३,०००. क्लेम केला तर पुढच्या वर्षी पूर्ण ८,००० भरावे लागतील. इथे खिशातून केलेलं स्वस्त.

नवीन कंपनीला "क्लेम केला नव्हता" असं खोटं सांगून सूट घेऊ नका. कंपन्या एकमेकींकडे चौकशी करतात आणि नेमका मोठ्या क्लेमच्या वेळी अडवतात.

आणखी एक बचत. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा सक्तीचा असतो. पण एकाच माणसाच्या नावावर स्कूटर, कार आणि पिकअप असेल तर तो तीनदा घ्यावा लागत नाही. एकदा पुरतो. आधीच तेवढ्या रकमेचा अपघात विमा असेल तर तसं लिहून देऊन इथले पैसे वाचतात.

४. मासळी नेणारी गाडी

हा मुद्दा खास आपला. खासगी नंबरच्या व्हॅनमधून मासळीचे क्रेट बाजारात नेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. खासगी गाडीच्या पॉलिसीत धंद्याचा माल वाहायला आणि भाड्याने चालवायला परवानगी नसते. आपल्या एका सभासदाच्या व्हॅनला पहाटे अपघात झाला, मागे क्रेट होते. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम त्यामुळेच नाकारला गेला. खासगी नंबरचा हप्ता कमी म्हणून स्वस्त वाटतो, पण ज्या कामासाठी गाडी घेतली तेच काम त्यात बसत नाही. रोज मासळी नेत असाल तर गाडी मालवाहू म्हणून नोंदवा आणि तसाच विमा घ्या.

मालवाहू गाडीत कोण बसतं, तेही बघा. मासळीची मालकीण स्वतःच्या टोपल्यांसोबत जात असेल तर कायद्याने तिला थर्ड पार्टीचं संरक्षण आहे. पण आरसी बुकात जितक्या जागा लिहिल्यात तितकीच माणसं, आणि ती केबिनमध्ये. मागे हौद्यात फुकट लिफ्ट घेऊन बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी थोडा जादा हप्ता असतो, तो सोडू नका. गाडीतल्या मासळीचं नुकसान गाडीच्या विम्यात येत नाही.

गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स पाहिजे. "जवळच जायचंय" म्हणून लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात चावी देऊ नका.

५. गाडी कुणाच्या नावावर आहे?

बाप वारला, स्कूटर अजून त्याच्याच नावावर, आणि विमा दरवर्षी भरला जातोय. हे आम्ही कितीदा बघितलंय. मालक वारल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. तेवढ्या काळात वारसांनी आरसी आणि विमा आपल्या नावावर करून घ्यायचा. वारसाला बापाचा नो क्लेम बोनसही मिळू शकतो.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय येत नाही.

६. घराचा विमा

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माड आणि आंबे घरांवर पडले, कौलं उडाली, कित्येक वाड्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. गाडीचा विमा असलेली अनेक घरं होती. घराचा विमा असलेली फार कमी.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड, झाड किंवा गाडी घरावर आदळणं, टाकी फुटणं, दंगल, हे सगळं तिच्यात येतं. नियम सगळीकडे सारखे, दर वेगळे. म्हणजे भाव विचारायला हा सगळ्यात सोपा विमा.

रक्कम काढताना जमिनीची किंमत धरू नका. घर पुन्हा बांधायला काय लागेल तेवढंच धरा. समजा ८० चौरस मीटर घर आणि बांधकामाचा खर्च मीटरला २०,००० रुपये, तर विमा १६ लाखांचा. घराचा विमा काढला की त्याच्या २० टक्के, म्हणजे इथे ३ लाख २० हजारांपर्यंत घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. याची कमाल मर्यादा १० लाख. जास्त सामान असेल तर यादी देऊन वाढवता येतं.

भाड्याने राहणाऱ्यांनी: पणजी, मडगाव, वास्कोला खोली घेऊन राहणारी आपली मुलं, कुटुंबं, यांनी फक्त सामानाचा विमा घ्यावा. भिंती घरमालकाच्या, पण फ्रीज, टीव्ही, कपाट, लॅपटॉप तुमचे. घरमालकाचा विमा असला तरी त्यातून तुमच्या सामानाचे पैसे मिळत नाहीत.

मुंडकारांनी: जमीन भाटकाराची आणि घर आपलं, अशी कित्येक घरं आपल्याकडे आहेत. विमा जमिनीचा नसतोच, घराचा असतो. अर्जात घराची स्थिती खरी लिहा, मुंडकार नोंदणी, घरपट्टी, वीजबिल जे आहे ते जोडा आणि कंपनीकडून होकार लेखी घ्या. भिंती कशाच्या, छप्पर कौलांचं, पत्र्याचं की झावळ्यांचं, तेही खरंच लिहा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी वर येते.

काय मिळत नाही तेही ऐका. रोख पैसे नाहीत. दागिन्यांसाठी वेगळा भाग घ्यावा लागतो. साधी घरफोडी यात नाही. वादळ, आग अशी घटना घडल्यावर सात दिवसांत झालेली चोरीच येते. व्होल्टेज वरखाली होऊन जळालेला फ्रीज येत नाही. वर्षानुवर्षांची ओल आणि गळती येत नाही. आणि घरात ठेवलेली जाळी, आऊटबोर्ड इंजिन, बर्फाच्या पेट्या हा धंद्याचा माल आहे, घरचं सामान नाही. त्याचा विमा वेगळा विचारा.

वादळाचा इशारा आल्यावर एजंट शोधू नका. मे उजाडायच्या आत काढा.

७. भाव असा विचारा

• मुदत संपायच्या महिनाभर आधी सुरुवात करा. एक दिवस जरी खंड पडला तरी त्या दिवशी तुम्ही उघडे असता, आणि पुन्हा घेताना गाडीची तपासणी मागतात.
• निदान तीन ठिकाणी विचारा: सध्याची कंपनी, एखादी सरकारी कंपनी, आणि एखादी खासगी कंपनी. ऑनलाइन भाव घरच्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला काढायला सांगा.
• तिघांनाही एकच आयडीव्ही, त्याच जोडी, तेवढीच सोसायची रक्कम आणि तेवढाच बोनस सांगा. मग शेवटचा, जीएसटी धरून होणारा आकडा कागदावर घ्या.
• शोरूमवाला किंवा कर्ज देणारी बँक "आमच्याकडूनच घ्या" म्हणाली तरी सक्ती नाही. कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव पाहिजे, एवढंच.
• हप्ता सारखाच असेल तर जवळ कुठल्या गॅरेजमध्ये कॅशलेस आहे आणि क्लेमच्या वेळी फोन कोण उचलतो, ते बघून ठरवा.
• कमी भाव आला की तो कागद सध्याच्या कंपनीला दाखवा. पुष्कळदा ती आपला भाव खाली आणते.
• पैसे भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही. "उद्या भरू, आजपासून धरा" असं चालत नाही.

८. क्लेम आणि तक्रार

नुकसान झालं की आधी फोटो, मग लगेच कंपनीला कळवा. चोरी असेल तर ताबडतोब पोलिसांत. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. घरातल्या सामानाचे फोटो आणि बिलं पावसाआधीच काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तिथे काम झालं नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बिमा भरोसा संकेतस्थळावर तक्रार करता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोव्यासाठी ते पुण्याच्या कार्यालयात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं.

शेवटी एवढंच

सगळ्याचा विमा काढायला पैसे कुणाकडेच नसतात. म्हणून उलट बाजूने विचार करा. कुठलं नुकसान झालं तर आपण पुन्हा उभे राहू शकणार नाही? त्याचा विमा आधी. थर्ड पार्टी, रोजीरोटीची गाडी, डोक्यावरचं छप्पर. पोचे आणि ओरखडे नंतर. कमावत्या माणसासाठी वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्याला जोडलेली आहे का, तेही याच वेळी बघा.

बंदीच्या दिवसांत सकाळी कधीही कार्यालयात या. सगळ्या पॉलिसी एका पिशवीत घालून आणा. आम्ही कुठल्या कंपनीचं काम करत नाही. दोन्ही तारखा, आयडीव्ही आणि नाव, एवढं आपण एकत्र बसून वाचू. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांनी मुळीच लाजू नका. आणि ही पोस्ट आपल्या वाड्यातल्या ग्रुपवर जरूर पाठवा.